अल्झायमर रोगाच्या प्राणी-प्रतिरूपांतील मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे प्रतिमांकन : महाड-पोलादपूर परिसराच्या संदर्भात

सारांश

अल्झायमर रोग हा प्रामुख्याने चेतापेशींचा व त्यांभोवती साचणाऱ्या प्रथिनांचा रोग मानला जातो. तथापि गेल्या दोन-अडीच दशकांत जनुकीय बदल केलेल्या उंदरांच्या मेंदूचे जे प्रतिमांकन झाले, त्यातून मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे बदल या रोगात फार लवकर सुरू होत असावेत, असे दिसून येते. प्रस्तुत लेखात ही प्रतिरूपे, प्रतिमांकनाच्या पद्धती, त्यांतून हाती आलेले निष्कर्ष आणि त्यांच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे. महाड येथील विंचूदंशविषयक संशोधनाशी या विषयाचा असलेला संबंध स्पष्ट करून, महाड व पोलादपूर तालुक्यांतील ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्याच्या दृष्टीने या ज्ञानाचा काय उपयोग आहे, याचाही विचार केला आहे.

महत्त्वाच्या संज्ञा : अल्झायमर रोग, केशवाहिनी, रक्त-मेंदू अवरोध, प्राणी-प्रतिरूप, प्रतिमांकन, रक्तदाब.

१. प्रस्तावना

महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडील, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले तालुके होत. सावित्रीचे खोरे, डोंगरउतारावरील वरकस जमीन, पावसाळी भातशेती आणि मुंबईच्या नोकरीतून येणारा पैसा ही येथील लोकजीवनाची जुनी घडण आहे. कर्ती पिढी चाकरमानी म्हणून बाहेर असल्याने अनेक घरे वर्षातील बराच काळ वडीलधाऱ्यांच्या हाती असतात. अशा घरात एखाद्या वृद्धाला तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारण्याची सवय लागली, चूल पेटती राहिली किंवा रोजची वाट चुकली, तर त्याची संभावना 'म्हातारचळ' या एका शब्दात होते. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण तर सर्वतोमुखी आहे. गणपतीला किंवा शिमग्याला गावी आलेल्या मुलांच्या लक्षात ही गोष्ट येते, तेव्हा रोग बराच पुढे गेलेला असतो.

स्मृतिभ्रंश हा वार्धक्याचा अपरिहार्य भाग नसून तो मेंदूचा रोग आहे. अल्झायमर रोग हे त्याचे सर्वाधिक आढळणारे कारण होय. मुंबईतील एका पाहणीत, जिचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले, ६५ वर्षांवरील व्यक्तींत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे २.४ टक्के आढळले होते. पुढे देशव्यापी पाहणीच्या आधारे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतातील ६० वर्षांवरील व्यक्तींत हे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख रुग्ण, इतके आहे. दोन्ही पाहण्यांच्या पद्धती व वयोगट भिन्न असल्याने या आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही. परंतु दुसऱ्या पाहणीत ग्रामीण भागातील प्रमाण शहरी भागापेक्षा अधिक आढळले, ही बाब महाड-पोलादपूरसारख्या परिसराच्या दृष्टीने विचारात घेण्यासारखी आहे.

२. मेंदूचा रक्तपुरवठा आणि अल्झायमर रोग

जर्मन वैद्य आलोइस अल्झायमर यांनी ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेन येथील सभेत या रोगाच्या पहिल्या रुग्णाची माहिती मांडली. त्यांनी वर्णिलेली दोन लक्षणे आजही या रोगाची ओळख मानली जातात. एक म्हणजे चेतापेशींच्या बाहेर साचणारे अमायलॉइड-बीटा या प्रथिनाचे थर, आणि दुसरे पेशींच्या आत होणारा टाऊ प्रथिनाचा गुंता. पुढील संशोधन दीर्घकाळ या दोन प्रथिनांभोवतीच फिरत राहिले.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असले, तरी शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू तो वापरतो. स्वतःजवळ ऊर्जेचा साठा नसल्यामुळे त्याला क्षणोक्षणी रक्ताचा पुरवठा व्हावा लागतो. मानवी मेंदूतील केशवाहिन्यांची एकत्रित लांबी सुमारे ६०० किलोमीटर भरते. या केशवाहिन्यांच्या भिंतीतील पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. बाहेरून पेरिसाइट नावाच्या आकुंचनक्षम पेशी आणि तारकापेशींचे पाय त्यांना वेढून असतात. या सर्वांच्या मिळून होणाऱ्या रचनेस रक्त-मेंदू अवरोध म्हणतात. रक्तातील कोणता घटक मेंदूत शिरावा आणि कोणता बाहेर थोपवावा, हे येथे ठरते. मेंदूत तयार होणारे अमायलॉइडही काही अंशी याच भिंतीतून व वाहिन्यांलगतच्या मार्गांनी बाहेर टाकले जाते. त्यामुळे रक्तवाहिनी बिघडली तर दुहेरी हानी संभवते. पोषण कमी पडते आणि कचऱ्याचा निचराही मंदावतो.

वाहिनी आधी बिघडते की प्रथिन आधी साचते, हा या क्षेत्रातील कळीचा प्रश्न आहे. मृत्यूनंतर केलेल्या मेंदूच्या तपासणीतून त्याचे उत्तर मिळत नाही, कारण तेव्हा दोन्ही गोष्टी घडून गेलेल्या असतात. उत्तरासाठी रोग सुरू होण्यापूर्वीपासून तोच मेंदू पुन्हा पुन्हा पाहावा लागतो, आणि याचसाठी प्राणी-प्रतिरूपांची गरज भासते.

३. प्राणी-प्रतिरूपे

उंदराला निसर्गतः अल्झायमर रोग होत नाही. काही मोजक्या कुटुंबांत आनुवंशिकतेने अकाली उद्भवणाऱ्या अल्झायमरला कारणीभूत असलेली मानवी उत्परिवर्तित जनुके उंदरात बसवून ही प्रतिरूपे तयार केली जातात. अशा उंदरांचे वर्णन १९९५ व १९९६ साली प्रथम प्रसिद्ध झाले. १९९७ चे एपीपी-२३ हे प्रतिरूप रक्तवाहिन्यांच्या अभ्यासात विशेष महत्त्वाचे ठरले, कारण त्यात अमायलॉइड मेंदूच्या ऊतींबरोबर रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही मोठ्या प्रमाणावर साचते. २०१४ साली जपानमधील रिकेन संस्थेतील शास्त्रज्ञांनी उंदराच्या स्वतःच्या जनुकातच मानवी बदल घडवून अधिक नैसर्गिक स्वरूपाचे प्रतिरूप तयार केले.

उंदराचे आयुष्य साधारण दोन वर्षांचे असल्याने माणसात दोन-तीन दशके चालणारी प्रक्रिया काही महिन्यांत पाहता येते. भारतात असे प्रयोग प्राणी क्रूरता प्रतिबंध अधिनियम, १९६० अन्वये, संस्थेच्या नैतिक समितीच्या अनुमतीनेच करता येतात. एकाच प्राण्याचे वारंवार प्रतिमांकन केल्यास प्रत्येक टप्प्यावर वेगळे प्राणी मारावे लागत नाहीत, हाही या तंत्राचा एक लाभ होय. रायगड जिल्ह्यातच खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक या संस्थेत लहान प्राण्यांच्या प्रतिमांकनाची सोय आहे. तिचा उपयोग कर्करोगाच्या संशोधनासाठी होत असला, तरी जिवंत प्राण्याच्या आत डोकावण्याचे तत्त्व तेच आहे.

४. प्रतिमांकनाच्या पद्धती

वाहिनीची रचना, तीतून वाहणारे रक्त आणि तिच्या भिंतीची अभेद्यता या तीन गोष्टी पाहावयाच्या असतात. एकाच यंत्राने तिन्ही गोष्टी सारख्याच स्पष्टपणे दिसत नाहीत.

(अ) चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांकन, म्हणजेच एमआरआय : रुग्णालयांतील यंत्रांची चुंबकीय शक्ती बहुधा १.५ किंवा ३ टेस्ला असते. उंदराचा मेंदू जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा असल्याने त्यासाठी ७ ते ११.७ टेस्लाची यंत्रे वापरली जातात. यातून संपूर्ण मेंदू एकाच वेळी दिसतो. वाहते रक्त चमकदार दाखवून मोठ्या धमन्यांचा नकाशा काढता येतो. मानेतील रक्ताच्या पाण्याला चुंबकीय खूण करून ते मेंदूत किती पोहोचले हेही मोजता येते. गॅडोलिनियमयुक्त द्रव्य शिरेत देऊन ते वाहिनीबाहेर किती झिरपते, यावरून अवरोधाची गळती कळते. मात्र एकेकटी केशवाहिनी यात दिसू शकत नाही.

(आ) द्वि-फोटॉन सूक्ष्मदर्शक : १९९० साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात विकसित झालेल्या या तंत्रात अवरक्त लेसर किरणांनी प्रकाशमान होणारे द्रव्य रक्तात सोडले जाते आणि उंदराच्या कवटीत बसविलेल्या काचेच्या लहान खिडकीतून जिवंत मेंदू पाहिला जातो. केशवाहिनीतून एकामागून एक सरकणाऱ्या तांबड्या पेशी मोजता येतात, इतकी स्पष्टता त्यात असते. तथापि ही दृष्टी साधारणपणे एक मिलिमीटरपेक्षा खोल जात नाही, त्यामुळे स्मरणाशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस हा खोलवरचा भाग या मार्गाने सहज दिसत नाही.

(इ) मृत्यूत्तर साचे : प्राण्याच्या मृत्यूनंतर वाहिन्यांत राळेसारखे द्रव्य भरून ते घट्ट झाल्यावर भोवतालची ऊती विरघळविली जाते. मागे उरतो तो संपूर्ण वाहिनीजालाचा त्रिमितीय साचा. रचना पाहण्यास ही पद्धत उत्तम असली, तरी वाहता प्रवाह तीत अर्थातच दिसत नाही.

५. प्रतिमांकनातून दिसलेले बदल

५.१ रचना : एपीपी-२३ उंदरांच्या धमन्यांचे एमआरआय चित्रण २००३ साली प्रसिद्ध झाले. सुमारे ११ महिन्यांच्या वयापासून मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्यांत प्रवाहाचे दोष त्यात दिसले आणि वयाबरोबर ते वाढत गेले. २००८ साली याच उंदरांच्या वाहिन्यांचे साचे अभ्यासले गेले, तेव्हा अधिक महत्त्वाची गोष्ट आढळली. मेंदूच्या ऊतीत अमायलॉइडचे थर दिसू लागण्यापूर्वी, कोवळ्या वयातच सूक्ष्म वाहिन्यांची ठेवण बदललेली होती आणि त्यांना चिकटलेले बारीक साठे दिसत होते. वयस्क उंदरांत तर अमायलॉइडच्या थरापाशी वाहिन्या एकाएकी संपत होत्या. वाहिनीजालात अक्षरशः भोके पडली होती आणि त्यांच्या मधल्या भागात नव्या वाहिन्यांची दाटी झाली होती.

५.२ प्रवाह : अल्झायमरमध्ये मेंदूचा रक्तप्रवाह कमी होतो हे जुने निरीक्षण आहे. तो का कमी होतो, याचे एक उत्तर कॉर्नेल विद्यापीठाच्या गटाने २०१९ साली दिले. द्वि-फोटॉन सूक्ष्मदर्शकाखाली रोगग्रस्त उंदरांच्या सुमारे २ टक्के केशवाहिन्यांत रक्त थांबलेले आढळले. निरोगी उंदरांत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी होते. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी केशवाहिनीच्या भिंतीला चिकटून वाट अडवीत होत्या. २ टक्के हा आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु आंबेनळी घाटात एकच वाहन आडवे झाले, तरी पुढच्या वाड्यांपर्यंत जाणारा माल खोळंबतो. त्याचप्रमाणे एक केशवाहिनी बंद झाली की तिच्या पुढील फाट्यांचाही प्रवाह घटतो. या पेशींविरुद्ध प्रतिपिंड दिल्यावर रक्तप्रवाह लगेच वाढला आणि काही तासांतच उंदरांच्या स्मरणचाचणीत सुधारणा दिसली. अमायलॉइडचे थर इतक्या अल्पावधीत नाहीसे होणे शक्य नव्हते, ही या प्रयोगातील सर्वांत बोलकी बाब होय.

त्याच वर्षी लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी आणखी एक कारण पुढे आणले. अमायलॉइड-बीटामुळे पेरिसाइट पेशी आकुंचन पावतात आणि केशवाहिनी आवळली जाते, असे त्यांना कृंतक प्राण्यांत तसेच मानवी मेंदूच्या जिवंत ऊतीत दिसून आले. म्हणजे प्रथिन आणि वाहिनी हे परस्परविरोधी पक्ष नसून ते एकाच दुष्टचक्राचे दोन भाग असावेत. अमायलॉइड वाहिनी आवळते, आणि आवळलेल्या वाहिनीमुळे निचरा मंदावून अमायलॉइड आणखी साचते.

५.३ अवरोध : अल्झायमरचा धोका वाढविणारा एपीओई-४ हा जनुकप्रकार असलेल्या उंदरांत पेरिसाइटांची हानी होऊन अवरोध गळू लागतो, असे २०१२ साली दाखविले गेले. २०२० साली हाच जनुकप्रकार असलेल्या माणसांच्या हिप्पोकॅम्पसमध्येही एमआरआयद्वारे गळती आढळली. उलट, २०१५ सालच्या एका अभ्यासात अनेक प्रचलित उंदीर-प्रतिरूपांत अवरोध सर्वत्र मोडलेला नाही, असे दिसले. गळती सूक्ष्म आहे की व्यापक, ती कोणत्या रेणूच्या आकाराने मोजली आणि प्रतिरूप कोणते निवडले, यांवर उत्तर अवलंबून राहते. या मुद्द्यावर निर्णायक मत देण्याची वेळ अद्याप आलेली नाही.

६. प्राण्यांनी दिलेला पूर्वसूचक इशारा

२००२ साली वृद्ध एपीपी-२३ उंदरांना अमायलॉइडविरोधी प्रतिपिंडे देण्यात आली, तेव्हा थर कमी झाले. परंतु अमायलॉइडने पोखरलेल्या वाहिन्यांतील सूक्ष्म रक्तस्राव दुपटीहून अधिक वाढले. पुढे याच तत्त्वावरील औषधांच्या मानवी चाचण्यांत मेंदूला सूज व सूक्ष्म रक्तस्राव हे दुष्परिणाम दिसले. २०२३ साली अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेल्या लेकानेमॅब या औषधाच्या मुख्य चाचणीत १२.६ टक्के रुग्णांच्या मेंदूत सूज आढळली, तर औषधाविना असलेल्या गटात हे प्रमाण १.७ टक्के होते. बहुतेकांना त्याची लक्षणे जाणवली नाहीत, तथापि उपचारादरम्यान ठरावीक अंतराने एमआरआय करणे आवश्यक ठरले. ज्या रुग्णाला एमआरआयसाठी दूरच्या शहरात जावे लागते, त्याच्यासाठी ही अट औषधाच्या किंमतीइतकीच जड आहे.

७. मर्यादा

या प्रतिरूपांवरून काढलेले निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. ज्या उत्परिवर्तनांवर बहुतेक प्रतिरूपे आधारलेली आहेत, ती अल्झायमरच्या एक टक्क्याहून कमी रुग्णांत आढळतात. अनेक प्रतिरूपांत अमायलॉइड साचते, परंतु माणसाइतका चेतापेशींचा नाश होत नाही. उंदराच्या मेंदूत श्वेत द्रव्याचे प्रमाण अल्प असते, तर माणसातील सूक्ष्मवाहिनी-विकारांचा मोठा आघात नेमका तेथेच होतो. प्रतिमांकनासाठी दिलेल्या भुलीच्या औषधाने वाहिन्या स्वतःच रुंदावतात आणि मोजमाप बदलते, म्हणून जागृत प्राण्यांच्या चित्रणावर भर दिला जाऊ लागला. शिवाय प्रयोगशाळेतील उंदराला बहुधा उच्च रक्तदाब नसतो, मधुमेह नसतो, तंबाखूचे व्यसन तर नसतेच. सत्तरीच्या माणसात मात्र या गोष्टी अल्झायमरच्या जोडीने नांदत असतात.

८. महाडचा अनुभव : रक्तवाहिनी आणि प्राझोसिन

रोगाचे मूळ रक्तवाहिनीत शोधण्याचा एक महत्त्वाचा अध्याय महाड परिसरातच लिहिला गेला आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७६ पासून महाड तालुक्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना लाल विंचवाच्या दंशाने दगावणाऱ्या रुग्णांचे बारकाईने निरीक्षण केले. ही निरीक्षणे १९८२ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. विंचवाच्या विषामुळे चेतातंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनलिनसारखी द्रव्ये मोठ्या प्रमाणावर बाहेर पडतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी साचते. वाहिन्यांवरील अल्फा-१ ग्राही रोखून धरणारी प्राझोसिन ही गोळी या साखळीच्या मुळावर घाव घालते, हे त्यांनी दाखविले. या उपचाराचा त्यांचा निबंध १९८६ साली 'लॅन्सेट'मध्येच प्रसिद्ध झाला. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, हे महाड येथे झालेल्या व २०११ साली 'बीएमजे'त प्रसिद्ध झालेल्या चाचणीतून पुढे आले. डॉ. बावस्कर यांना २०२२ साली पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला.

हेच प्राझोसिन पुढे अल्झायमरच्या संशोधनातही आले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एपीपी-२३ उंदरांना ते दिल्यावर त्यांच्या स्मरणशक्तीचा ऱ्हास रोखला गेला, मात्र अमायलॉइडच्या थरांत फरक पडला नाही. त्या संशोधकांनी दाहशामक परिणामाकडे बोट दाखविले आहे. केवळ वाहिन्या सैलावल्याने हे घडले, असे म्हणता येत नाही. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासानुसार गाढ झोपेत उंदराच्या मेंदूतील नॉरॲड्रेनलिनची पातळी संथपणे वरखाली होते, तिच्या लयीत रक्तवाहिन्या आकुंचन-प्रसरण पावतात आणि त्यामुळे मेंदूतील द्रवाचे अभिसरण होऊन निचरा होतो. विंचूदंशात ज्या द्रव्याचा महापूर प्राणघातक ठरतो, त्याच द्रव्याची मंद लय निरोगी मेंदूला आवश्यक असते, असा याचा अर्थ होतो.

यावरून प्राझोसिन हे विस्मरणावरील औषध आहे, असा समज करून घेणे धोक्याचे ठरेल. स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी त्याचा माणसात उपयोग सिद्ध झालेला नाही. वृद्धांत उभे राहताच रक्तदाब एकदम घसरून पडण्याचा व हाड मोडण्याचा संभव या औषधाने वाढतो.

९. परिसराच्या आरोग्यासाठी अर्थ

द्वि-फोटॉन सूक्ष्मदर्शक गावात येणार नाही, आणि त्याची गरजही नाही. त्यातून मिळालेली दिशा मात्र गावात उपयोगी पडते. मेंदूची सूक्ष्म वाहिनी जपावयाची असेल, तर तिच्यावर वर्षानुवर्षे आघात करणारा उच्च रक्तदाब आधी आटोक्यात आणला पाहिजे. अमेरिकेतील ९,३६१ व्यक्तींवरील चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. रक्तदाब अधिक काटेकोरपणे नियंत्रित केलेल्या गटात सौम्य बौद्धिक ऱ्हासाचे प्रमाण १९ टक्क्यांनी कमी आढळले, मात्र स्मृतिभ्रंशातील घट संख्याशास्त्रीयदृष्ट्या निश्चित ठरली नाही. २०२५ साली ग्रामीण चीनमधील ३२६ खेड्यांतील सुमारे ३४ हजार व्यक्तींच्या चाचणीने ही उणीव बरीचशी भरून काढली. तेथे गावपातळीवरील आरोग्यसेवकांनी घरोघरच्या रुग्णांचा रक्तदाब चार वर्षे नियमित औषधोपचाराने नियंत्रणात ठेवला आणि स्मृतिभ्रंशाचे प्रमाण १५ टक्क्यांनी घटले. तज्ज्ञ डॉक्टर, प्रयोगशाळा व यंत्रे यांच्यापासून दूर असलेल्या भागात हे साध्य झाले, म्हणून महाड-पोलादपूरसाठी हा दाखला विशेष मोलाचा आहे.

आपल्याकडे ३० वर्षांवरील व्यक्तींची रक्तदाब व मधुमेहाची तपासणी शासकीय कार्यक्रमात समाविष्ट आहे. अडचण असते ती सातत्याची. डोंगरातील वाडीवरून आरोग्य केंद्रापर्यंतचे अंतर, पावसाळ्यात तुटणारा संपर्क आणि 'बरे वाटते' म्हणून मध्येच सोडलेली गोळी यांमुळे उपचार खंडित होतो. आशा कार्यकर्तीच्या भेटीत रक्तदाबाबरोबर स्मरणाविषयी दोन-चार साधे प्रश्न विचारले गेले आणि गावी येणाऱ्या मुलांनी आई-वडिलांच्या गोळ्यांची चौकशी केली, तर बरेच काही साधण्यासारखे आहे. जगभरातील संशोधनाचा आढावा घेणाऱ्या लॅन्सेट आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचे १४ टाळता येण्याजोगे धोके सांगितले. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, ऐकू कमी येणे आणि एकाकीपणा यांचा त्यांत समावेश आहे. यांतील शेवटचे दोन धोके तर ओस पडत चाललेल्या गावांतील वृद्धांच्या रोजच्या जगण्यातले आहेत.

१०. समारोप

प्राणी-प्रतिरूपांच्या प्रतिमांकनातून अल्झायमर रोगाचे चित्र अधिक व्यापक झाले आहे. वाहिन्यांची ठेवण बदलणे, केशवाहिन्या अडणे व आवळल्या जाणे आणि काही परिस्थितीत अवरोध झिरपणे हे बदल रोगाच्या आरंभीच्या अवस्थेत आढळतात. रक्तप्रवाह सुधारला तर अमायलॉइड तसेच असतानाही उंदराची स्मरणशक्ती सुधारू शकते, हा यातील आशादायक भाग होय. उंदरातील यश माणसात उतरेलच असे नाही, ही मर्यादाही तितकीच खरी आहे. बिरवाडीच्या आरोग्य केंद्रातील निरीक्षणांनी एका जीवघेण्या दंशाचे रहस्य रक्तवाहिनीत शोधले आणि त्यावर साधा, स्वस्त उपचार दिला. स्मृतिभ्रंशावर तसा उपचार अद्याप हाती आलेला नाही. तोपर्यंत चाळिशी-पन्नाशीपासून रक्तदाब मोजणे व तो आटोक्यात ठेवणे हा या परिसरातील प्रत्येक घराच्या आवाक्यातील मार्ग आहे, आणि 'म्हातारचळ' म्हणून सोडून दिलेल्या लक्षणांकडे रोग म्हणून पाहणे ही त्याची पहिली पायरी होय.